वाढत्या अंगाची मूठ

चाकाची कड हाताखालून निसटली. जागृतीने मूठ खाली आणली तेव्हा कड जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. चाक तिच्या माराची वाट न बघता पुढे निघून गेलं होतं. कळव्याच्या पुलाचा चढ होता, आणि चढावर कुठलंही चाक आपणहून पळत नाही. म्हणजे मागे कुणीतरी होतं. हा तर्क तिने नंतर मांडला. त्या क्षणी तिला एवढंच कळलं की आपण कुणाच्या तरी हातात आहोत, आणि जिथपर्यंत तिला अंग जाणवत होतं तिथपर्यंतचं सगळं अंग गार पडलं. शर्यतीच्या चाकांच्या खुर्चीत बसणं हे बसणं नसतंच. गुडघे मुडपून पोटाखाली घ्यायचे, कमरेला पट्टा करकचून आवळायचा, छाती मांड्यांवर टेकवायची. दोन मोठी चाकं दोन बाजूंना, टणक हातमोज्यांच्या मुठी कडेवर मारत पळवायची; तिसरं लहान चाक लांब दांड्याच्या टोकाला पुढे. मान खाली. दिसतं ते एवढंच, ते लहान चाक आणि त्याच्या पुढचं हातभर डांबर. मागून काय येतंय ते कानांनी ओळखायचं. आणि मागून आवाज आला, "टेन्शन नका घेऊ ताई, मी वर सोडतो तुम्हाला." पुढचं चाक जमीन सोडून हवेत उचललं गेलं.

दोन्ही मुठी चाकांवर दाबून तिने खुर्ची थांबवली. मागचा माणूस धडपडला. खुर्चीच्या मागे बांधलेली हत्यारांची पिशवी त्याच्या हातात आली. तसाच सावरत तो उजव्या बाजूला आला आणि वाकून म्हणाला, "सॉरी सॉरी, लागलं का कुठे?" त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर होता. चांगला चेहरा होता, काळजीने भरलेला, कपाळावर धावून आलेला घाम. तिने त्या चेहऱ्यावर मारलं. उजवी मूठ छातीपाशी होती, ती बाहेर आणि मागे अशी फिरली, आणि हातमोज्याचं टणक प्लॅस्टिक त्याच्या गालाच्या हाडावर बसलं. आवाज कोरडा झाला, कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर नीट बसावा तसा. माणूस फुटपाथच्या कडेवर बसला. तोंडात जीभ फिरवून त्याने काहीतरी चाचपलं आणि थुंकला तर लाल.

दोन-चार माणसं थांबलीच. पाटी घेऊन निघालेली एक म्हातारी ओरडली, "अगो बाय, कवरं रगत आयलं!" फिरायला आलेले एक काका पुढे झाले. जागृतीला वाटलं, आता हे आपलं मनगट धरतील. जाब विचारतील. तिने मूठ मांडीवर ठेवली, धरायला सोपी जावी अशी. पण काका त्या माणसाला म्हणाले, "जाऊ द्या हो. अपंग आहे बिचारी. त्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो." आणि तो माणूस, गालावर हात दाबून, म्हणाला, "नाही, चूक माझीच. न विचारता हात लावला मी." तिने त्याच्याकडे पाहिलं. गालाच्या हाडाखाली एक आडवी, किंचित वाकलेली खूण उमटायला लागली होती आणि तिच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढा खळगा. ती खूण तिच्या ओळखीची होती. कुठली, ते आठवायच्या आत तिने मान खाली घातली आणि चाकांवर मारायला सुरुवात केली.

पुलाच्या ठाण्याकडच्या टोकाला पप्पा स्कूटर लावून उभे होते, पाण्याची बाटली घेऊन. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत स्कूटर तिच्या बरोबर मागे असायची. एक छोटा हॉर्न म्हणजे खड्डा, लांब हॉर्न म्हणजे मागे गाडी, दोन छोटे म्हणजे मोकळं आहे, मार. वर्षानुवर्षं ती त्या हॉर्नच्या भरवशावर मान खाली घालून ठाणे, कळवा, मुंब्रा बायपास कापत आली होती. आता डोळ्याला हिरवं फडकं लावून ते टोकाला थांबत आणि तिच्या येण्याकडे अंदाजाने बघत. "चढावर हात मंद झालेला," ते म्हणाले. "दिसला नाही, पण ऐकू आला. ताल तुटला मध्ये." ती म्हणाली, "कुत्रं आडवं आलेलं." त्यांनी मान हलवली. "पुढच्या रविवारी कुत्री नसणार. पुढच्या रविवारी तुटायला नको."

पुढच्या रविवारी निवड होती. देशातून एकच बाई परदेशातल्या मॅरेथॉनला जाणार होती, आणि ती जागा आपली आहे हे जागृतीला माहीत होतं, जसं स्वतःचं वजन माहीत असतं. पुढची निवड चार वर्षांनी, तोवर ती तेहतीस ओलांडलेली असेल, आणि तिच्या खांद्यांच्या आतला आवाज, दळताना जात्यात खडा यावा तसा, तेव्हा एवढा लहान राहिलेला नसेल.

दुपारी डोंबिवलीच्या क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना ती मोमेंटम शिकवत होती. मोमेंटम तेवढाच, पण थांबायचा वेळ कमी केला की घाव वाढतो. म्हणून क्रिकेटर कॅच घेताना हात मागे घेतो. फळ्यावर आकृती काढताना खडू बोटांत धरवेना. तर्जनीचा सांधा सुजून लिंबासारखा झाला होता. हातमोजा बाहेरून टणक असला तरी घाव दोन्हीकडे जातो. तिसरा नियम तिने गेल्याच आठवड्यात शिकवला होता. पहिल्या बाकावरची ऐश्वर्या म्हणाली, "मॅम, हाताला काय झालं?" आणि जागृतीच्या तोंडून निघालं, "दार लागलं." एवढ्या सहज निघालं, की पुढचं वाक्य अर्धवट सोडून ती थांबली. त्यांच्या घरात दार कधीच कुणाला लागलं नव्हतं. चाळीतल्या त्या खोलीला दाराऐवजी बराच काळ पडदाच होता. पण आईच्या गालाला लागायचं ते दारच, असं ती सांगायची, नळावर, रेशनच्या रांगेत, शाळेत पालकांच्या सभेला. लहानपणी जागृती त्या दाराची कल्पना करायची. त्याला कडी असेल, ती वाकलेली असेल, आणि त्या कडीला खाली एक गोल बोंड असेल. कारण खूण तशीच असायची. आडवी, जराशी वाकलेली, आणि खाली वाटाण्याएवढा खळगा.

पप्पा खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. तरुणपणी बसचा पत्रा निसटून त्यांच्या दोन्ही हातांवर आला होता. डावा वाचला, उजव्याच्या तर्जनीचा सांधा मोडला आणि वाकडा जुळला. मूठ आवळली की तो सांधा बाकीच्या रांगेतून बाहेर यायचा. कारणं कुणालाच आठवत नाहीत. डाळ, उशीर, बहिणीचं लग्न, उलट उत्तर. जागृतीला आठवतो तो मारण्याआधीचा श्वास. नाकातून आत घेतलेला, छोटा. तिच्या तेराव्या वर्षी एका रविवारी तो श्वास तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ऐकू आला आणि ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं; शूर वगैरे ती नव्हती, आईच्या हातात इस्त्री केलेला तिचा युनिफॉर्म होता आणि तो चुरगळेल असं काहीसं डोक्यात होतं. मूठ गळ्याखालच्या हाडावर बसली. मग कठडा पाठीला लागला, मग लागेनासा झाला. वर केबलच्या वायरी दिसल्या, आणि पप्पांचा हात, उघडा, बोटं फाकलेला, तिच्याकडे झेपावलेला. पुढे अकरावीत असताना तिने तीन मजल्यांची उंची धरून पडायला लागलेला वेळ गणिताने काढून पाहिला. उत्तर एवढं लहान आलं की तिने पुन्हा मांडणी केली. तेवढ्या वेळात आता ती चाकावर जेमतेम दोन ठोसे मारते. हॉस्पिटलात, पोलिसांना, चाळीला, सगळ्यांना एकच सांगितलं गेलं, की पोर कपडे वाळत घालताना तोल जाऊन पडली. शुद्धीवर आल्यावर तिनेही तेच सांगितलं. कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर पप्पांनी कुणावर हात उचलला नाही. हे खरं होतं, आणि ह्याच गोष्टीवर तिचा कधी विश्वास बसला नाही. तेवढा मार गेला कुठे? ती विज्ञान शिकलेली, तिला माहीत होतं की काहीही नाहीसं होत नाही. मार गेला होता तिच्या चाकांत. जुन्या बसच्या सीटचे पाइप कापून पप्पांनी पहिली खुर्ची जोडली, डेपोच्या मागच्या मैदानात उभ्या बसच्या रांगांमधून तिला फिरवलं आणि ती हळूहळू चाकं लोटू लागली तेव्हा ओरडले, "ढकलू नको! मार! घड्याळात एक वाजतो तिथे मार, सहा वाजतात तिथे सोड. राग येतोय ना? मग मार की!" आणि तिला राग येत होता. तिने मारलं. खुर्ची पळाली.

मारायचं तर हातमोजे हवेत, कापडाचे नाही, टणक, मुठीच्या आकाराचे. परदेशातून मागवायची ऐपत नव्हती. जयपूर पाय बनवणाऱ्या एका कारागिराने पप्पांना पांढरे प्लॅस्टिकचे दाणे दिले. ते गरम पाण्यात टाकले की काचेसारखे आरपार होतात, कणकेसारखे मळता येतात आणि गार झाले की पुन्हा पांढरे, हाडासारखे कडक. गरम असतानाच ते मुठीवर थापायचे आणि गार होईस्तोवर मूठ तशीच आवळून धरायची. पप्पांनी ते तिच्या मुठीवर थापले नाहीत. "भाजेल तुला," ते म्हणाले, आणि स्वतःच्या मुठींवर थापले. शिवाय तिचे हात वाढणार होते. मुलीचा फ्रॉक वाढत्या अंगाचा घ्यावा, चपला एक नंबर मोठ्या घ्याव्यात, तसे त्यांनी हातमोजे वाढत्या अंगाचे केले. आत जी पोकळी राहायची तिथे जागृती पायातल्या जुन्या मोज्यांचे तुकडे कोंबायची. हात वाढले, तुकडे कमी झाले, पण उजव्या तर्जनीपाशी एक खोबण कधी भरली नाही. तिथे तिच्या हाताला काही नव्हतंच. बाहेरून त्याच जागी एक उंचवटा होता, आणि तोच उंचवटा चाकाच्या रबरी कडेवर असा पकडायचा की ठोसा वाया जात नसे. पुढे एका कंपनीने तिला आयते, मापाचे, देखणे हातमोजे दिले. ते घालून ती मागे पडली. प्रशिक्षकांनी कारण शोधलं, वजन, कोन, रबराची जाडी. तिने पुन्हा जुने चढवले.

त्या मुठी घालून ती कुठे कुठे गेली. पहिल्या शर्यतीत खुर्चीचा गटच नव्हता. सगळे धावून गेल्यावर तिला सोडलं, आणि छातीवर नंबरच्या जागी 'प्रेरणा' असं लिहिलेलं होतं. तिने ढिगाने माणसं मागे टाकली, एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या पोटरीवर चाक घातलं, आणि माफी मागताना तिला आतून गुदगुल्या झाल्या. बंगलोरला वळणावर पुढच्या मुलीच्या चाकाला तिचं चाक भिडलं, दोघी रस्त्यावर घासत गेल्या. उचलून बसवल्यावर कुणीतरी किंचाळलं तेव्हा तिने खाली पाहिलं, तिच्या डाव्या घोट्याचं कातडं सोलून निघालं होतं आणि तिला पत्ताही नव्हता. सत्कारांना स्टेजवर चढायला उतार नसायचा. चार कार्यकर्ते खुर्चीसकट तिला उचलायचे, गणपतीसारखं, न विचारता, आणि वर नेऊन नारळ हातात द्यायचे. प्रत्येक वेळी तिच्या मुठी मांडीवर आवळलेल्या असायच्या. पत्रकार विचारायचे, वडिलांविषयी सांगा. पप्पा शेजारी इस्त्रीच्या शर्टात उभे. दुसऱ्या दिवशी मथळा असायचा, लेकीला पंख देणारा बाप. आई ते कात्रण कापून ठेवायची. कापताना कात्री फोटोच्या कडेने अगदी सरळ चालवायची.

संध्याकाळी जागृती क्लासमधून घरी आली तेव्हा आई वाटाणे सोलत होती, पप्पा टीव्हीपुढे. खारेगावातलं हे तळमजल्याचं घर तिच्या खुर्चीसाठी घेतलेलं; उंबरठा पप्पांनी स्वतः फोडला होता. बेल वाजली. आईने दार उघडलं आणि दारात सकाळचा माणूस उभा होता, हातात हत्यारांची पिशवी. पिशवीवर पप्पांनी एसटीच्या पाटीसारख्या ठसठशीत अक्षरांत तिचं नाव, पत्ता, रक्तगट रंगवलेला. "नमस्कार, मी रवींद्र," तो म्हणाला. "सकाळी ताईंची ही बॅग माझ्याकडे राहिली. स्पेअर टायर आहे आत, म्हटलं लागेल." सुजलेल्या गालामुळे शब्द जरा चपटे येत होते. आईने पिशवी घेतली नाही. ती त्याच्या गालाकडे बघत होती.

जागृती आतून पाहत होती आणि तिच्या लक्षात आलं की आई हे प्रथमच समोरून पाहते आहे. पप्पांचा उजवा हात आईच्या डाव्या गालावर पडायचा. ह्या माणसाच्या उजव्या गालावर खूण होती, बाजू उलटी. पण आईने स्वतःची खूण नेहमी आरशातच पाहिलेली, आणि आरशातली खूण ह्याच बाजूला असते. इतक्या वर्षांनी आई पुन्हा आरशासमोर उभी होती.

आई वळली. तिने पिशवीवरून, जागृतीवरून नजर नेली आणि टीव्हीपुढे बसलेल्या माणसावर ठेवली. "काय केलंत हो ह्याला?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "परक्या माणसाला? आता परक्यांनापण?"

"कुणी? मी?" पप्पा अर्धवट उठले. "कलावती, डोकं फिरलंय काय? मी ओळखत पण नाही ह्याला."

"मग हे काय आहे?" तिने रवींद्रच्या गालाकडे बोट केलं. तो एक पाऊल मागे सरला. "मला सांगताय? मला?"

पप्पांनी डोळ्यावरचं हिरवं फडकं वर केलं, पुढे झुकले, आणि त्यांना दिसलं. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, आवळला, आणि त्या मुठीकडे बघत राहिले, एखाद्या माणसाने आपलं हरवलेलं पाकीट दुसऱ्याच्या खिशात बघावं तसे. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"आई, मी मारलं," जागृती म्हणाली.

रवींद्रच घाईने म्हणाला, "अहो काकू, नाही, चूक माझी होती. मी त्यांना मागून—"

"तू गप," जागृती म्हणाली. "तुझी चूक होती. पण मारलं मी. मी, जागृती. पुलावर कुणी जाब विचारला नाही. तू तरी विचार. तुला राग येऊ दे ना जरा!"

तो गोंधळला, त्याचा हात गालाकडे गेला. मग हळूच म्हणाला, "दाढ हलतेय माझी. सकाळपासून काही खाता आलं नाही." आणि पिशवी खाली ठेवत, "आला होता राग. पण तुमच्यावर कसा काढणार?"

आई आत गेली आणि फडक्यात बर्फ घेऊन आली. त्याला खुर्चीवर बसवून तिने फडकं बरोबर त्या खळग्यावर धरलं. "हळद लावू नकोस, डाग राहतो. बर्फ, मग तुरटीचं पाणी. उद्या काळानिळा होईल, मग हिरवा, मग पिवळा. पिवळा झाला की पावडर बसते. त्या बाजूवर झोपायचं नाही." ती नळावरच्या बायकांना लोणच्याची रीत सांगावी तशी बोलत होती. "कोणी विचारलं तर दार लागलं म्हणायचं. पुढे कोणी विचारत नाही."

"दार?" रवींद्र म्हणाला.

"दार," आई म्हणाली.

जागृतीने उजवा हात पाठीमागे नेला. सुजलेला सांधा मनगटापर्यंत ठणकत होता. क्लासमधलं स्वतःचं वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं, तेवढंच सहज, तेवढंच तयार. तिला वाटलं होतं की आपण आईची मुलगी म्हणून मधे उभ्या राहिलो. पण मधे उभं राहणाऱ्याला दोन्हीकडचं लागतं. आईकडून वाक्य मिळालं, पप्पांकडून हात. पडली ती एकटी.

रवींद्र गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मोठं पातेलं काढून पाणी तापवायला ठेवलं आणि उजवा हातमोजा त्यात सोडला. पप्पा दारात येऊन उभे राहिले. "काय करतेस? जागू, काय करतेस? आठ दिवसांवर निवड आलीय. हा गेला तर दुसरा असा नाही व्हायचा. तुझा ताल त्याच्यात आहे."

"तो तुमचा आहे."

"वेडी आहेस काय? त्याच्यावर तू एवढी वर्षं जिंकलीस!" ते पुढे आले, उजवा हात पातेल्याकडे निघाला. आणि तिला तो ऐकू आला. नाकातून आत घेतलेला छोटा श्वास. आईलाही ऐकू आला. ओट्यापाशी तिचे खांदे वर गेले. जागृतीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिची डावी मूठ आवळलेली होती आणि ती अंदाज घेत होती, किती अंतर, कुठला कोन, कुठलं हाड. तो हिशेब होऊन गेला आणि तिला कळलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. त्याचीच भीती वाटली. पप्पांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. हात खाली घेतला. "वर चिकटवलेलं रबर तरी आधी सोडवायचं होतंस," ते कसंबसं म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. टीव्ही त्यांनी बंद केला.

पाण्यात पांढरं प्लॅस्टिक कडेपासून आरपार होत चाललं होतं. आधी अंगठ्याची जागा, मग मनगट. वाकड्या सांध्याचा उंचवटा सगळ्यात शेवटी गेला. थोडा वेळ पाण्यात तेवढंच एक पांढरं हाड तरंगत राहिलं, मग तेही काच झालं. रबराचा तुकडा सुटून तळाशी गेला. तिने झाऱ्याने लगदा काढला, पाणी निथळू दिलं आणि मूठ आवळून त्यावर थापला. भाजलं. तिने दात आवळले. आई शेजारी आली, बोटं ओली करून मनगटाशी लगदा दाबू लागली, कडा नीट करू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं कसं करायचं. "आवळून धर," एवढंच म्हणाली. "सोडू नकोस."

दोघी तशाच थांबल्या. मुठीवर हळूहळू साय धरावी तसा पांढरा रंग आला. जागृतीने हात मोकळा केला आणि हातमोजा दिव्याकडे धरून पाहिला. लहान होता, तिच्या मापाचा. आत कुठे खोबण नव्हती, मोज्यांचे तुकडे कोंबायला जागाच नव्हती. बाहेरून सगळे सांधे सरळ रांगेत आले होते, तर्जनीचा सोडून. तिथे आजची सूज जशीच्या तशी उतरली होती, लिंबाएवढी. रविवारपर्यंत ती ओसरेल. मग आत त्या जागी पोकळी राहील आणि बाहेर उंचवटा.

"जुना मोजा असेल का गं एखादा?" ती म्हणाली. आईने खालचा खण उघडला.